लघवीची पट्टी घरी वाचायची तर

लालबागच्या एका लॅबमध्ये लघवीच्या पट्ट्या, म्हणजे लघवीत बुडवल्यावर रंग बदलणाऱ्या चौकोनांच्या पट्ट्या, वाचणं हे माझं रोजचं काम. हल्ली पेशंट पट्ट्या घरीच आणतात आणि रात्री फोटो पाठवून विचारतात, "ताई, हिरवं झालंय, वाईट का हो?" किती सेकंदांनी बघितलं, ते मात्र कोणी सांगत नाही.

आधी बाटली सांभाळा. आपल्याकडे पावसाळ्यात पापड तासाभरात सादळतो, मग या पट्ट्यांचं काय होईल! पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा, आतली ओल शोषणारी बारीक पुडी फेकू नका. बाथरूममध्ये नको, फ्रिजमध्येही नको. ओल लागलेल्या पट्टीवर नायट्राइटचा, म्हणजे लघवीतले जंतू ओळखायचा, चौकोन उगाचच गुलाबी होतो.

लघवी सकाळची पहिली, मधल्या धारेची (सुरुवातीची थोडी सोडून), कोरड्या डबीत. जंतूंना नायट्राइट तयार करायला मूत्राशयात तीन-चार तास लागतात, म्हणून सकाळचीच.

पट्टी बुडवून लगेच काढा, कड डबीच्या काठाला टेकवून निथळवा आणि आडवीच धरा. उभी धरली की प्रोटीनच्या चौकोनातलं आम्ल शेजारच्या पीएचच्या (लघवी आम्ल की अल्कधर्मी ते दाखवणाऱ्या) चौकोनात उतरतं. दहा चौकोनांच्या नेहमीच्या पट्टीवर शुगर 30 सेकंदांनी, कीटोन (शरीरात चरबी जळताना तयार होतात ते) 40, प्रोटीन 60, पांढऱ्या पेशी 120. तुमच्या बाटलीवर वेगळी वेळ छापली असेल तर तीच खरी. दोन मिनिटांनंतर बदललेला रंग मोजायचा नाही. आणि बघायचं ते पांढऱ्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली पिवळा-हिरवा कळत नाही.

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते प्रोटीनच्या हिरव्याला. त्या चौकोनात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू नावाचं रंगद्रव्य असतं. आतलं आम्ल पीएच 3 च्या आसपास धरून ठेवतं, तिथे हा रंग पिवळा. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) त्याला चिकटलं की पीएच न बदलताही तो हिरव्याकडे, मग निळ्याकडे सरकतो. पण लघवीच फार अल्कधर्मी असेल तर आतलं आम्ल पुरत नाही आणि अल्ब्युमिन नसतानाही हिरवं दिसतं. म्हणून मी आधी पीएचचा चौकोन बघते. तो गर्द निळा असेल तर त्या हिरव्यावर विश्वास ठेवत नाही, लॅबमध्ये प्रोटीन मोजून घ्यायला सांगते.

शुगरचं उलट. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर असलेली शुगरही कमी दिसू शकते. गोळ्यांचं डॉक्टरांना सांगा.

पाळी चालू असेल तर रक्ताचा चौकोन हिरवा होणारच. पाळी संपल्यावर चार दिवसांनी तपासा.