मुद्दा बरोबर असूनही ठराव का पडतो? पटवून देताना या चुका टाळा

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव मांडणाऱ्या सभासदाची तयारी बहुतेक वेळा पक्की असते. तीन ठेकेदारांची कोटेशने, वरच्या मजल्यावर भिंतींना आलेल्या ओलीचे फोटो, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, सारे काही त्याच्या फायलीत असते; तरीही तासभर वाद झाल्यावर ‘पुढच्या सभेत बघू’ असे ठरते आणि मंडळी चहाकडे वळतात. मग वक्ता लोकांच्या कोतेपणाला नावे ठेवतो. माझ्या मते अशा वेळी दोष बहुधा मांडणीत असतो, आणि तो नेमका कुठे असतो हे ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने आणि आपल्याकडे न्यायदर्शनाच्या, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन भारतीय परंपरेच्या, सूत्रकारांनी पुष्कळ बारकाईने नोंदवून ठेवले आहे.

पुढचा निर्णय मागताना मागचा खटला चालवणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. अ‍ॅरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार केले. न्यायालयातले भाषण घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा मागते, समारंभातले भाषण स्तुती किंवा निंदा करते आणि सभेतले भाषण पुढे काय करणे हिताचे आहे ते सांगते. वॉटरप्रूफिंगचा ठराव तिसऱ्या प्रकारातला आहे. पण वक्ता सुरुवातच ‘मागच्या कमिटीने निकृष्ट काम करून घेतले’ या वाक्याने करतो. समोरच बसलेल्या माजी अध्यक्षांना मग स्वतःचा बचाव करणे भाग पडते, अर्धी सभा त्यांच्या बाजूला आणि अर्धी विरुद्ध जाते, आणि गच्ची बाजूलाच राहते.

या भेदाचे सर्वांत ठळक उदाहरण थ्युसिडिडीस या इतिहासकाराने नोंदवले आहे. लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी या नगराने अथेन्सविरुद्ध केलेले बंड इसवी सनापूर्वी 427 मध्ये मोडले, आणि संतापलेल्या अथेन्सच्या सभेने तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारून बायका-मुलांना गुलाम करण्याचा ठराव केला. हुकूम घेऊन जहाजही निघाले. दुसऱ्या दिवशी लोकांना आपलाच ठराव फार क्रूर वाटू लागला, म्हणून पुन्हा सभा भरली. क्लिऑन हा प्रभावी पुढारी म्हणत होता की गुन्हा झाला आहे आणि शिक्षा झालीच पाहिजे. त्याला विरोध करणाऱ्या डायोडोटसने दयेची याचना केली असती, तर ती क्लिऑनच्याच मैदानात उतरण्यासारखी झाली असती. त्याने तसे केले नाही. आपण न्यायालयात बसलेलो नाही, मिटिलीनीचे लोक कितीही अपराधी असले तरी आपले हित कशात आहे एवढेच आज ठरवायचे आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. सर्वांनाच मारले तर यापुढे बंड करणारे कोणतेही नगर वेळीच शरण येणार नाही, वेढ्यांचा खर्च वाढेल, हाती उद्ध्वस्त नगर येईल आणि त्यातून खंडणी मिळणार नाही. शिवाय इतर नगरांतले जे सामान्य लोक आज अथेन्सच्या बाजूचे आहेत तेही विरोधात जातील, असा त्याचा युक्तिवाद होता. हात वर करून झालेल्या मतदानात तो थोडक्यात जिंकला. दुसरे जहाज रवाना झाले. वल्हवणारे वल्ही न थांबवता दारू आणि तेलात मळलेले जवाचे पीठ खात होते आणि पाळीपाळीने झोपत होते. सेनापतीने पहिला हुकूम वाचला होता, पण त्याची अंमलबजावणी होण्यापूर्वीच ते पोहोचले. बंडाच्या म्होरक्यांना मात्र अथेन्सने मारलेच, तेव्हा हा दयेचा विजय नव्हता.

सोसायटीच्या सभेतही उपाय हाच आहे. दोष कोणाचा हा प्रश्न खरा असेल, तर त्यासाठी स्वतंत्र विषय आणि स्वतंत्र तारीख मागावी. त्या दिवशीच्या ठरावात मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत काय करायचे, एवढेच ठेवावे.

अनुभवाची वर्षे मोजून विश्वास मागणे

‘मी तीस वर्षे बांधकामात आहे’ या वाक्याने फारसा विश्वास बसत नाही. वक्त्याविषयीचा विश्वास त्याच्या आधीच्या कीर्तीतून नव्हे, तर भाषणातूनच निर्माण झाला पाहिजे, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, आणि त्याचे तीन घटक सांगतो: विवेक, सचोटी आणि श्रोत्यांविषयीचा सद्भाव. जाणकार माणसे पहिला घटक सिद्ध करण्यात इतकी गुंततात की तिसरा राहूनच जातो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सूचकाने सुरुवातीलाच ‘गळती माझ्या घरात आहे, त्यामुळे या ठरावात माझा थेट फायदा आहे, हे लक्षात घेऊनच माझे म्हणणे ऐका’ असे सांगितले, तर मागच्या रांगेत कुजबुजीने येणारा आक्षेप उघड्यावर येतो आणि त्यातली धार जाते.

रागावलेल्या माणसाला आकडे दाखवणे

रागाचे मूळ बहुधा आपल्याला क्षुल्लक लेखले गेल्याच्या भावनेत असते, हे अ‍ॅरिस्टॉटलचे निरीक्षण आजही जसेच्या तसे लागू पडते. ‘हे तांत्रिक आहे, तुम्हाला समजणार नाही’ असे एकदा तोंडून गेले की पुढची सगळी कोटेशने वाया जातात. आधी ‘वर्षभर तुमच्या तक्रारीला लेखी उत्तरसुद्धा मिळाले नाही, हे चुकलेच’ असे म्हणावे, आणि नंतरच खर्चाकडे वळावे.

सगळेच सांगणे, आणि तेही स्वतःच्या बाजूने

श्रोत्यांना जे आधीच ठाऊक आहे ते वक्त्याने बोलून दाखवू नये, ते त्यांचे त्यांना जोडू द्यावे. अ‍ॅरिस्टॉटलचे उदाहरण असे: डोरिअसने ऑलिंपिक स्पर्धा जिंकली एवढेच म्हणावे, तिथे विजेत्याला मुकुट मिळतो हे वेगळे सांगायची गरज नाही. पण यासाठी श्रोत्यांच्या मनात काय आहे ते आधी माहीत असावे लागते. ‘माझ्या घरात गळती नाही’ हे तळमजल्यावरच्या सभासदाचे गृहीतक खरेच आहे, आणि वरच्यांच्या हालांचे वर्णन करून ते हलत नाही. त्याला मान्य असलेल्या गोष्टीपासून निघावे: पाणी मुरले की स्लॅबमधल्या सळया गंजतात, आणि इमारत कमकुवत झाली तर घराची किंमत प्रत्येक मजल्यावर उतरते. दोन भक्कम कारणांना पाच लंगडी कारणे जोडण्याचा मोहही टाळावा, कारण विरोधक नेमके लंगडे कारण धरतो आणि सभेला तेवढेच आठवते.

‘मग तुम्ही काय केलेत?’

न्यायदर्शनात सत्य शोधण्यासाठी चाललेली चर्चा तो वाद, जिंकण्यासाठी चाललेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे ती वितंडा, असा भेद केला आहे. हरल्याची लक्षणे म्हणून 22 निग्रहस्थानेही दिली आहेत. त्यांपैकी ‘मतानुज्ञा’ आजच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांसाठीच लिहिल्यासारखी वाटते: स्वतःवरच्या आरोपाचे निरसन न करता तोच दोष समोरच्यावर ढकलला, की आपल्या बाजूचा दोष आपणच मान्य केल्यासारखे होते. विषय सोडून भलतेच बोलणे हे ‘अर्थांतर’, तेही तिथे आहेच. अडचण अशी की आपल्या सभांमध्ये ही निग्रहस्थाने दाखवून देणारा मध्यस्थ नसतो, आणि तिरकस उत्तराला टाळ्या पडतात.

टाळ्यांची ही सवय शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांनीही लावली आहे. कवितेच्या ओळीने सुरुवात, आवाजाचे चढउतार, शेवटी घोषणा, हा समारंभातला थाट आहे आणि तिथे तो शोभतोही. सभेत मात्र लोक ठराव सोडून भाषणालाच गुण देऊ लागतात. तुम्ही भाषणांचे प्रेक्षक झाला आहात, अशी कानउघाडणी अथेन्सच्या सभेत क्लिऑननेही केली होती, आणि गंमत म्हणजे तो स्वतः त्याच कलेवर मोठा झाला होता.

चर्चा बिघडलीच, तर लक्षण ओळखावे. तोच आक्षेप तिसऱ्यांदा आला, तर त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही असे समजावे. तो थांबवण्याऐवजी आक्षेप घेणाऱ्याच्याच शब्दांत पुन्हा मांडून ‘हेच ना?’ असे विचारावे. कोणीच प्रश्न विचारत नसेल, तर ते संमतीचे लक्षण मानू नये. बहुधा लोकांना आपल्याकडून नेमके काय हवे आहे हेच कळलेले नसते. म्हणून रक्कम, ठेकेदार, दर महिन्याचा हप्ता आणि कामाची मुदत लिहिलेला ठराव सभेआधीच सर्वांना द्यावा, आणि त्याला अनुमोदक शोधताना तो तळमजल्यावरचा मिळेल असे पाहावे.