डिस्चार्जनंतर रुग्ण दगावतात तेव्हा : रुग्णालयाचा मृत्युदर काढताना या चुका टाळा

मृत्युदर काढून द्या म्हटलं की नवखी मंडळी एक्सेल उघडतात, निकालाच्या रकान्यात 'मृत्यू' किती वेळा आला ते मोजतात, एकूण दाखल रुग्णांनी भागतात आणि अर्ध्या तासात तक्ता पाठवून मोकळी होतात. घरी जाऊन दुसऱ्याच दिवशी गेलेला रुग्ण त्या तक्त्यात जिवंत असतो. असे तक्ते तपासणं हे माझं काम आहे आणि त्याच त्या चुका बघून जीव विटतो, कारण या आकड्यांवर पुढे खाटा, माणसं आणि पैसा कुठे द्यायचा ते ठरतं.

मोजणी रुग्णालयाच्या दारापाशी थांबवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. एका आजाराचे सारखेच रुग्ण, सारखेच उपचार. एक रुग्णालय चौथ्या दिवशी घरी सोडतं, दुसरं नवव्या दिवशी. सहाव्या दिवशी होणारा मृत्यू दुसऱ्याच्या खात्यात पडतो, पहिल्याच्या पडत नाही. म्हणजे आपण उपचार मोजतोय असं वाटतं, पण मोजला जातो तो मुक्काम.

एका रुग्णालयाने न्यूमोनियाचे आकडे पाठवले होते. वर्षभरात मृत्युदर जवळजवळ निम्म्यावर आलेला आणि श्रेय नव्या उपचारपद्धतीला दिलेलं. मी डिस्चार्जचा प्रकार नोंदवलेला रकाना मागवला. मृत्यू जसजसे कमी झाले होते, तसतसे 'विनंतीवरून डिस्चार्ज' वाढले होते. मग केस पेपर काढायला लावले. एका वयस्कर बाईंच्या कागदावर शेवटची नोंद अशी होती : ऑक्सिजन चालू, रक्तदाब कमी, नातेवाईक घरी नेऊ इच्छितात, सही घेतली. निकाल : डिस्चार्ज. समाजसेवा अधीक्षकांनी त्यांच्या घरी फोन लावला. मुलगा म्हणाला, "मॅडम, आई त्याच रात्री गेली. गाडीतून उतरवली आणि दोन तासांत गेली."

त्या कुटुंबाचं काहीही चुकलं नव्हतं. शेवटचे तास घरी जावेत असं वाटणं साहजिक आहे, आणि डॉक्टरांनीही ते अडवू नये. पण तो मृत्यू त्या आजारपणाचा होता, त्या दाखल होण्याचा होता, आणि हिशेबात यायलाच हवा होता. बाकीच्या घरी फोन झाले तेव्हा घट उरलीच नाही. मृत्यू फक्त वॉर्डातून घरी सरकले होते.

माझी सवय साधी आहे : दाखल झाल्याच्या तारखेपासून 30 दिवस, मृत्यू कुठेही होवो. अमेरिकेत मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना 2007 पासून हृदयविकाराचा झटका आणि हार्ट फेल्युअर यांचे रुग्णालयनिहाय मृत्युदर याच पद्धतीने जाहीर करतं. इंग्लंडमधला 'एसएचएमआय' हा रुग्णालयनिहाय मृत्यूंचा निर्देशांक 2011 पासून निघतो. त्यात रुग्णालयात झालेले मृत्यू अधिक डिस्चार्जनंतर 30 दिवसांतले मृत्यू धरतात. मला पहिली पद्धत पटते. डिस्चार्जपासून मोजलं तर तीन दिवस राहिलेल्याचा हिशेब 33 दिवसांचा होतो आणि चाळीस दिवस राहिलेल्याचा 70 दिवसांचा. शस्त्रक्रिया असेल तर शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मोजा.

रुग्णालयातला दर फेकून द्या असं मी म्हणत नाही. दोन्ही रकाने शेजारी ठेवा. त्यांच्यातलं अंतर वाढत असेल तर रुग्णांना घाईने घरी पाठवलं जातंय का, की अखेरची सेवा घरी मिळू लागली आहे, हे वॉर्डात जाऊन विचारावं लागतं. ते आकड्यांतून कळत नाही.

ठावठिकाणा नाही म्हणजे जिवंत

मृत्यूनोंदणीशी यादी जुळवली, नाव सापडलं नाही, म्हणून 'जिवंत' लिहिलं. हा आळस आहे. नावाचं स्पेलिंग वेगळं असतं, आडनाव बदललेलं असतं, जन्मतारीख अंदाजे टाकलेली असते, किंवा नोंदच अजून यादीत चढलेली नसते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाची मृत्यूंची सार्वजनिक यादी संशोधक सर्रास वापरत. नोव्हेंबर 2011 मध्ये कायदेशीर कारणामुळे त्यातून सुमारे 42 लाख नोंदी एकदम काढल्या गेल्या आणि पुढेही दरवर्षी कमी नोंदी येऊ लागल्या. त्यानंतर डोळे झाकून ती यादी वापरणाऱ्याच्या हिशेबात लोक आपोआप जास्त जगू लागले.

मी तीन कप्पे करते : मृत, जिवंत, माहीत नाही. 'जिवंत' लिहायला पुरावा लागतो. तीसाव्या दिवसानंतरची ओपीडीतली हजेरी, औषधांची चिठ्ठी, घरच्यांशी झालेलं बोलणं, काहीही चालेल, पण काहीतरी हवंच. मग दर दोन टोकांनी काढते. समजा 200 रुग्ण, 16 मृत्यू, 24 जणांचा पत्ता नाही. सगळे जगले असं धरलं तर 8 टक्के, सगळे गेले असं धरलं तर 20. हे अंतर बघून अस्वस्थ व्हायला होत असेल तर उपाय एकच : फोन करा. सांख्यिकीचं कुठलंही सूत्र त्या फोनची जागा घेत नाही. आणि नोंदणी मागे पडलेली असते, म्हणून मार्चचा हिशेब मेमध्ये मागू नका.

डिस्चार्जला सेन्सॉर करून कॅप्लान-मायर वक्र काढणं

ही चूक शिकलेल्या लोकांची, म्हणून जास्त खटकते. सॉफ्टवेअर बटण दाबलं की वक्र देतं, म्हणजे दिवसागणिक किती जण जिवंत उरले याचा आलेख, आणि डिस्चार्ज झालेल्यांचं काय करायचं हा प्रश्न 'सेन्सॉर' म्हणून, म्हणजे त्या दिवसापासून त्यांना हिशेबातून बाहेर काढून, मिटवला जातो. पण सेन्सॉर करण्यामागे एक गृहीतक आहे : जो यादीतून बाहेर पडला त्याचा धोका आत राहिलेल्यांइतकाच आहे. रुग्णालयात हे खरं नसतंच. बरा झाला म्हणूनच तर तो घरी गेला! आणि त्याच रकान्यात मरणाच्या दारातून घरी नेलेलेही बसलेले असतात.

समजावण्यापुरते आकडे घेऊ. 100 रुग्ण. पहिल्या पाच दिवसांत 5 दगावले, मग 75 घरी गेले. उरलेल्या 20 पैकी 10 वॉर्डातच दगावले, 10 नंतर सुटले. रुग्णालयातले मृत्यू 100 पैकी 15. कॅप्लान-मायर काय करतो? पहिल्या टप्प्यात 95 टक्के जगले, दुसऱ्यात 20 पैकी 10, म्हणजे निम्मे. 0.95 गुणिले 0.5, म्हणजे 0.475. मृत्युदर 52 टक्क्यांच्या वर! घरी गेलेल्या 75 जणांनाही उरलेल्या अत्यवस्थ रुग्णांचाच धोका चिकटवला गेला.

सुटका होणं ही मृत्यूशी स्पर्धा करणारी घटना आहे. तिला तसंच मानून संचयी प्रमाण, म्हणजे सुरुवातीच्या सगळ्या रुग्णांपैकी तोवर किती दगावले ते, काढलं की उत्तर 15 टक्केच येतं. पण माझं मत विचाराल तर वक्राच्या नादी लागण्याआधी तीसाव्या दिवसाची स्थिती मिळवा. सगळ्यांची स्थिती कळली तर साधा भागाकार पुरतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

एक रुग्ण महिन्यात तीनदा दाखल झाला आणि मग गेला, तर तो मृत्यू तीनदा मोजला जातो. प्रत्येक रुग्णाचं एकच ॲडमिशन निवडा, आणि नियम आकडे बघण्याआधी ठरवा.

दुसरीकडे हलवलेला रुग्ण कुणाचा? मेडिकेअर हृदयविकाराच्या झटक्यात पहिल्या रुग्णालयाच्या खात्यात टाकतं, एसएचएमआय शेवटच्या. दोन्ही चालतं. वर्षाच्या मध्ये बदललेलं चालत नाही.

"हा मृत्यू आजाराशी संबंधित नव्हता" म्हणून नावं गाळू नका. ते ठरवणारा माणूस बहुधा त्याच रुग्णालयाचा असतो.

छेद तपासा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 1863 च्या पुस्तकात लंडनच्या 24 रुग्णालयांचा मृत्युदर 90 टक्क्यांच्या वर छापला गेला, कारण वर्षभरातल्या मृत्यूंना एका दिवशी हजर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागलं होतं. त्यावर तेव्हाच मोठा वाद झाला. आजही महिन्याचे मृत्यू भागिले खाटा असे तक्ते माझ्याकडे येतात.

आणि शून्याचा आनंद जपून करा. वीस शस्त्रक्रियांत एकही मृत्यू नाही, तर सांख्यिकीतला 'तीनचा नियम' लावा, तीनला वीसने भागा : खरा दर साधारण 15 टक्क्यांपर्यंत असला तरी असं शून्य दिसू शकतं. त्या वीसपैकी दोघांच्या घरी फोन लागला नसेल, तर तक्त्यात शून्य लिहू नका. 'अठरा जणांत शून्य, दोन अज्ञात' असं लिहा.