शिकता शिकता मधमाशीपालन : मे महिन्यातला शेवटचा मध

पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण चालू असताना सातेरी या देशी मधमाशीच्या एक-दोन पेट्या सांभाळता येतात का, असे विचारणाऱ्यांना मी होकारच देते; मात्र पेटी आणण्यापूर्वी विद्यापीठाचे आणि मधमाश्यांचे अशी दोन वेळापत्रके शेजारी मांडून पाहा, अशी अट घालते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पाऊस ओसरताना कारळा फुलतो, हिवाळ्यात वसाहत हळूहळू भरते, फेब्रुवारी-मार्चमध्ये थवा सुटण्याची, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन उडून जाण्याची, धास्ती असते आणि मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ व त्यापाठोपाठ हिरडा आणि करंज फुलतात. अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिके आणि लेखी परीक्षा नेमक्या याच काळात येतात. म्हणजे पेटीला तुमची सर्वांत जास्त गरज असते, त्याच आठवड्यांत तुम्ही अभ्यासिकेत अडकलेले असता.

माझे शिक्षण वनस्पतिशास्त्राचे, राहणे पुण्यातील वसतिगृहात आणि पेट्या भोर तालुक्यात मामांच्या शेतावर, अशी व्यवस्था होती. पेटीची रचना, राणी ओळखणे, माश्यांना धूर देणारा स्मोकर हाताळणे यांविषयी येथे लिहीत नाही, कारण ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले जाते. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे आणि महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. विद्यार्थ्याने यांपैकी एका ठिकाणचे प्रशिक्षण सुट्टीत पूर्ण करावे. ते टाळून केवळ चित्रफिती पाहून शिकण्याचा आग्रह धरणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्यांतील बहुतेक चित्रफिती मेलिफेरा या युरोपीय माशीच्या आणि थंड प्रदेशातल्या असतात. तिथला कठीण काळ बर्फाचा, आपला पावसाचा, आणि सातेरीचा स्वभावही वेगळा. अडचण आली की सातेरी घर सोडून जाते, हे एकच वाक्य मला सुरुवातीला कोणी ठासून सांगितले असते तर पुढचा बराच त्रास वाचला असता.

मी ज्या सापळ्यात सापडले, तो मे महिन्यातल्या मधाचा होता. परीक्षा संपते, वरचा मधाचा कप्पा भरलेला असतो, मोहोर अजून दिसत असतो आणि घरी जाताना सोबत मध न्यावा असे कोणालाही वाटते. वरच्या कप्प्यातील मेणाने झाकलेला मध काढण्यात काही गैर नाही. मोह त्यापुढचा असतो. खालच्या, अंडी-अळ्यांच्या कप्प्यातील पोळ्यांच्या वरच्या कडेलाही मधाचा जाड पट्टा दिसतो आणि मध काढण्याचे यंत्र हाताशी असतेच. शिवाय पेटी माश्यांनी ओसंडत असल्यामुळे या वसाहतीला काही कमी पडेल, असे मनातही येत नाही. धोका नेमका त्या गर्दीतच असतो, कारण माश्या जितक्या जास्त तितका रोजचा खर्च जास्त, आणि वळवाच्या सरींनी फुलोरा झडला की आवक जवळजवळ थांबते. जूनमध्ये सलग पाऊस लागला की माश्यांना बाहेरच पडता येत नाही. साठा संपत आला आणि पराग येणे बंद झाले की राणी अंडी घालणे कमी करते, मग थांबवते. आधीची पिल्ले बाहेर पडेपर्यंत वसाहत थांबते आणि एखाद्या उघडिपीच्या दुपारी सगळी उठून जाते. मागे राहिलेल्या पोळ्यांना मेणपतंगाच्या अळ्या लागतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की किडीने वसाहत गेली. वस्तुतः कीड नंतर आलेली असते. शेजारच्या शेतातील फवारणीलाही असाच दोष दिला जातो. फवारणीचा धोका खरा आहे, परंतु विषबाधा झाली तर पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा खच दिसतो. भुकेने सोडून गेलेली पेटी मात्र स्वच्छ आणि रिकामी असते.

म्हणून खालच्या कप्प्यातील मधाला कधीही हात लावू नये, आणि मेच्या मध्यानंतर वरच्या कप्प्यातलाही सगळा मध काढू नये. कोणी अनुभवी माणूस ‘काढा हो, पाक पाजला की झाले’ असे म्हणाला, तर जुलैतल्या पावसात दर आठवड्याला तो पाक पाजायला कोण जाणार, असे त्याला विचारावे. पाक हा उपाय आहेच. साखर आणि पाणी वजनाने समान घेऊन, विरघळवून, पूर्ण थंड झाल्यावर तो पेटीच्या आत आणि संध्याकाळीच ठेवावा. दिवसा ठेवला किंवा बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात, आणि दुबळी वसाहत एका दुपारीत नागवली जाते. गुळाचा पाक देऊ नये, कारण त्याने माश्यांना हगवण लागते. बाजारातला मधही देऊ नये, त्यातून रोग येऊ शकतो. पाक चालू असताना पोळ्यात साठलेला द्रव मध म्हणून कोणालाही देऊ नये. ही गोष्ट सांगावी लागते याचे वाईट वाटते, पण लागते.

पावसाळ्यात पेटी वारंवार उघडण्याचीही गरज नसते. ती मागच्या बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घेता येतो, आणि दाराशी थोडा वेळ थांबले तर पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या येत आहेत की नाही, हे दिसते. ही दोन कामे मामींनाही सहज जमली. उघडीप मिळाली की मात्र एखादी चौकट उचलून ताजी अंडी आहेत का, एवढे पाहावे. अंडी दिसली तर निश्चिंत मनाने वर्गात जाऊन बसावे. दिसली नाहीत तर त्याच संध्याकाळी पाक द्यावा.

उन्हाळ्याआधीचे काम तुलनेने सोपे आहे. फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा पोळ्यांच्या खालच्या कडेला राणीघरे, म्हणजे नव्या राण्या वाढवण्याची घरे, तयार होत आहेत का, हे पाहिले आणि वेळेवर वसाहत विभागली, तर थवा सहसा हातचा जात नाही. थवा गेलाच तरी निराश होण्याचे कारण नाही. मूळ पेटीत नवी राणी तयार होते आणि वसाहत बहुधा सावरते. फक्त त्या वर्षीचा मध बुडतो. सातेरीपासून चांगल्या वर्षीही साधारण 5 ते 8 किलो मध मिळतो. त्यावर वसतिगृहाचा खर्च निघेल, असा हिशेब कोणी मांडून दाखवला तर त्या माणसाला पेट्या विकायच्या आहेत, असे समजावे.

उघड्या हाताने पोळे उचलून दाखवणाऱ्या गुरूंपासूनही दूर राहावे. बुरखा न घालणे हे कौशल्याचे लक्षण नव्हे. डंखाने हात सुजणे सामान्य आहे. परंतु अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर कोणाचाही सल्ला न विचारता थेट रुग्णालय गाठावे. पहिल्या वर्षी पेटीजवळ एकट्याने जाऊ नये.

सुरुवात उन्हाळ्यात न करता दिवाळीनंतर करावी, म्हणजे पावसाळ्याला तोंड देण्याआधी हाताशी एक पूर्ण हंगाम मिळतो. वसाहत विकत घेताना पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला पेटी आपल्यासमोर उघडायला लावावी, राणी किंवा निदान ताजी अंडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, आणि पेटी हलवायची ती रात्री, माश्या आत परतल्यावर, दार जाळीने बंद करूनच हलवावी.