कमळाच्या हौदातलं हिरवं पाणी: माझा अनुभव

नेरूळच्या आमच्या सोसायटीतला कमळाचा हौद दर उन्हाळ्यात हिरवागार व्हायचा. पाणी बदललं की आठवड्यात पुन्हा तेच. आधी मी त्यात जलपर्णी सोडली, ती चूकच. महिन्याभरात सगळा हौद झाकला गेला, पाण्यात प्राणवायू कमी पडला आणि पहाटे गप्पी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले.

मूळ होतं शेजारच्या कुंड्यांतलं खत. त्यातून वाहून येणारं नायट्रेट आणि फॉस्फेट हेच शेवाळाचं खाणं. मग निळा ड्रम अर्धा कापून खडी भरली, कर्दळ आणि वाळा लावला, छोट्या पंपाने हौदाचं पाणी त्यातून फिरवलं. मुळं आणि खडीवरचे जिवाणू ते खत ओढून घेतात. कर्दळ मात्र छाटत राहायची, नाहीतर पानं कुजून खत परत पाण्यात. चौथ्या आठवड्यात हौदाचा तळ दिसला! काढलेलं शेवाळ मी जास्वंदीच्या बुंध्याशी घालते.