बाल्कांवावरच्या आरामखुर्चीची रचना: मापापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

खुर्चीचं चित्र काढण्याआधी ती जिथे राहणार आहे तिथे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा बसून या. गोव्यातल्या घरात ही जागा बहुधा बाल्कांव (दारापुढचा छपराखालचा उघडा व्हरांडा) किंवा ओसरी. दोन्ही बाजूंना बांधीव सोपे, म्हणजे पक्की बाकं, असतातच, म्हणजे ताठ बसायची सोय आधीच आहे. खुर्ची हवी ती जेवणानंतर रेलायला. एवढं ठरलं की निम्मे प्रश्न सुटतात. मग टेप लावा: दोन सोप्यांमधलं अंतर, दाराची रुंदी, पावसाची झड फरशीवर कुठवर येते ती रेषा. माणसाला जायला निदान ७५० मि.मी. वाट मोकळी राहावी आणि जोराची झड आली की खुर्ची दारातून आत ओढता यावी.

रेलायच्या खुर्चीसाठी सुरुवातीची मापं अशी धरा: आसनाची पुढची कड ३८० ते ४०० मि.मी. उंच, मागची बाजू तिच्यापेक्षा ४०-५० मि.मी. खाली, आसनाची खोली ४८० मि.मी., पाठ आणि आसन यांतला कोन ११० अंशांच्या आसपास. स्केचेस भराभर काढा, त्यांतली दोन-तीन निवडून १:५ मापाची पुठ्ठ्याची मॉडेलं करा. प्रमाण डोळ्यांना पटतं का, एवढंच त्यातून कळतं. बसायला कसं वाटेल ते कळत नाही.

त्यासाठी पूर्ण मापाचा कच्चा नमुना हवा, आणि वेळ काढायचा तो इथेच. १२ मि.मी. प्लायच्या तुकड्यांच्या दोन बाजू करा, त्यांत १०-१० मि.मी. अंतरावर भोकं पाडा आणि आसन व पाठ बोल्टवर टेकवा. भोक बदललं की उंची आणि कोन बदलतो, सगळं खोलावं लागत नाही. घरातली आजी, एखादा उंच माणूस, एखादा वजनदार माणूस यांना प्रत्येकी वीस मिनिटं बसवा. कसं वाटतं ते विचारू नका, भिडेपोटी सगळे ‘छान’च म्हणतात. हालचाल बघा. माणूस पुढे सरकत असेल तर आसन खोल आहे: कड पोटरीत रुतते, मग तो पुढे येतो आणि कंबर अधांतरी राहते. कड आणि गुडघ्यामागचा खळगा यांच्यात तीन बोटं जागा हवी. खांदे वर उचललेले दिसले तर खुर्चीचे हात उंच झालेत. ते दबलेल्या आसनापासून २०० ते २२० मि.मी.वर ठेवा. आजीला उठताना हाताच्या टोकावर जोर देता आला पाहिजे, म्हणून हात आसनाच्या पुढच्या कडेपर्यंत न्या. मागे संपणारा हात दिसतो नाजूक, पण उठताना काही कामाचा नाही.

गोव्यातल्या चांदर गावच्या ब्रागांझा वाड्यासारख्या जुन्या घरांतलं फर्निचर बघायला जाल तेव्हा नक्षीबरोबर विणकामही बघा. आसन आणि पाठ वेताची असली की वारा खेळतो. दमट हवेत गादीपेक्षा ते कितीतरी बरं.

वेत लावायचा असेल तर चौकटीची पट्टी ४५ ते ५० मि.मी. रुंद घ्या. भोकं ५ मि.मी.ची, मध्यापासून मध्यापर्यंत १२-१३ मि.मी. अंतरावर, आतल्या कडेपासून १०-१२ मि.मी. सोडून. पट्टी अरुंद असली तर भोकांच्या ओळीनेच ती उभी चिरते, कारण ती ओळ लाकडाच्या रेषांना समांतर जाते. सांध्यापाशी आणखी एक धोका आहे. कोपऱ्यातलं भोक कुसवाला (सांध्यात खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभेला) कापत गेलं तर सांधा तिथेच ढिला होतो. म्हणून भोकांची आणि सांध्यांची आखणी एकाच पूर्ण मापाच्या कागदावर करा.

लाकूड सागवान किंवा फणस. फणस कापल्यावर पिवळाधमक दिसतो आणि उजेडात हळूहळू तपकिरी होतो, तेव्हा रंग जुन्या तुकड्यावरून ठरवा. फळीच्या कडेचं फिकं लाकूड मेस्ताला (सुताराला) काढून टाकायला सांगा, कीड आधी तिथेच लागते.

उन्हाळ्यात ओलावामापकावर १२ टक्के दाखवणारं लाकूड उघड्या ओसरीवर पावसाळ्यात १६-१७ पर्यंत चढू शकतं. तेवढ्याने १०० मि.मी. रुंदीची सागाची फळी सुमारे १ मि.मी. फुगते. पाच फळ्या चिकटवून चौकटीत घट्ट बसवल्या तर ५ मि.मी.चा रेटा सांध्यांवर येतो आणि चौकट उघडते. वेताऐवजी फळ्यांचं आसन करत असाल तर मे महिन्यात बसवताना प्रत्येक दोन फळ्यांमध्ये २-३ मि.मी. फट सोडा. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर १ मि.मी. पुरे, उन्हाळ्यात ती आपोआप वाढते.

लोखंडी स्क्रू वापरू नका. खाऱ्या हवेत ते गंजतात आणि सागावर काळे डाग पडतात. पितळी घ्या, किंवा समुद्राजवळ ३१६ दर्जाचे स्टेनलेस. पायांच्या तळाशी लाकडाची उघडी टोकं फरशीवरचं पाणी शोषतात, म्हणून तिथे इपॉक्सीचे दोन हात द्या आणि खाली नायलॉनची बटणं ठोका. लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढरं पडतं, कच्च्या जवसाच्या तेलावर बुरशी धरते. बाहेर टिकणारं पॉलीयुरेथेन वार्निश पातळ थरांत द्या.

पहिली खुर्ची एकच करा आणि मे अखेरीस तिच्या जागी ठेवा. सप्टेंबरनंतर कोपरे गुण्याने (काटकोन मोजायच्या हत्याराने) तपासा, वेताची ढिलाई हाताने दाबून बघा, तळ उलटा करून पायांची टोकं काळी पडलीत का ते पाहा. जे बदलायचं ते त्याच पूर्ण मापाच्या कागदावर लाल पेन्सिलीने खुणा करून नोंदवा आणि पुढच्या खुर्चीसाठी मेस्ताला तोच कागद द्या.