गॅसच्या बाटलीवर एअर टूल चालवताय? या चुका टाळा

कम्प्रेसर चार मजले वर चढवायचा नाही, विजेची सोय नाही, आवाजही चालणार नाही, अशा वेळी एअर टूल, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं अवजार, चालवायला सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) किंवा नायट्रोजनची छोटी बाटली हा फार चांगला पर्याय आहे. बाटली, रेग्युलेटर (बाटलीतला दाब टूलला झेपेल इतका उतरवणारा भाग) आणि हलका पाइप एवढ्यावर ब्रॅड नेलर, म्हणजे बारीक खिळे ठोकणारी गन, मजेत चालतो, चाकाचे नट सोडवायला इम्पॅक्ट गनही चालते. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. म्हणूनच तिच्यावर काम करणारे लोक त्याच त्या चुका करताना दिसले की राहवत नाही.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. लोक बाटलीला आवाज न करणारा कम्प्रेसर समजतात. साध्या कम्प्रेसरची टाकी 8 ते 10 बारला (बार हे दाबाचं माप) बंद होते. सीओटूच्या बाटलीत 20 अंश सेल्सिअसला 57 बार असतात, नायट्रोजनच्या भरलेल्या बाटलीत 150 ते 200, आणि कार्बन फायबरच्या हवेच्या बाटलीत 300 पर्यंत. टूलला लागतात 5 ते 7 बार. या दोहोंच्या मधे उभा असतो फक्त एक रेग्युलेटर. म्हणूनच अनेक नेलरच्या माहितीपत्रकात बाटलीतला गॅस वापरायला सरळ मनाई असते. आपल्या टूलचं माहितीपत्रक आधी वाचा. तिथे मनाई असेल तर विषय संपला, दुसरं टूल बघा.

बाटली आडवी टाकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती करायला काहीच लागत नाही. बाटली उभी राहत नाही, सारखी कलंडते, मग माणूस ती आडवी ठेवतो आणि कामाला लागतो.

सीओटू बाटलीत द्रवरूपात असतो, वर गॅस आणि खाली द्रव. बाटली उभी असली की व्हॉल्व्हला गॅस मिळतो. आडवी केली की द्रव थेट रेग्युलेटरमध्ये घुसतो. तिथे दाब एकदम उतरतो, द्रवाचा काही भाग गॅस होतो आणि उरलेल्याचा बाहेर मोकळ्या हवेत सुटताना कोरडा बर्फ होतो, उणे 78 अंशांचा.

एका जिन्याच्या कामावर हे डोळ्यांसमोर घडलं. कडेच्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या होत्या. मुलगा हाताचा चलाख, कम्प्रेसरवर बरंच काम केलेला, पण बाटली नवी. पायरीवर ती उभी राहीना, म्हणून त्याने ती आडवी ठेवली, व्हॉल्व्हचं तोंड थोडं उताराकडे. पहिले काही खिळे नीट बसले. मग नेलरच्या एक्झॉस्टमधून, म्हणजे वापरलेला गॅस बाहेर पडतो त्या तोंडातून, पांढरा धूर फुसफुसायला लागला. रेग्युलेटरची पितळी बॉडी बघता बघता पांढरीफटक पडली. पाइपच्या बाजूचा काटा 6 वर लावलेला होता, तो 9 कडे सरकला आणि मग पार टोकाला गेला. सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा जोरात सुटला आणि गप्प झाला. तो गप्प झाला तेव्हा मी खरा घाबरलो, कारण दाब उतरला नव्हता, त्याच्या तोंडात बर्फ अडकला होता. मुलगा पाइपचा कपलर (सोडताच बंद होणारा जोड) हाताने सोडायला निघाला होता. त्याला ओरडून मागे घेतला, हातमोजा घालून बाटलीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, बाटली उभी करून भिंतीला टेकवली आणि सगळ्यांना खालच्या मजल्यावर नेलं. बर्फ वितळला तसा सेफ्टी व्हॉल्व्ह पुन्हा फुसफुसला आणि काटा हळूहळू शून्यावर आला.

नंतर रेग्युलेटर उघडला तर आतल्या सीटचा (गॅसची वाट बंद करणाऱ्या बैठकीचा) टवका उडालेला. नेलरच्या ओ-रिंगवर, म्हणजे आतल्या रबरी कड्यावर, बारीक फोड आलेले. रबर जास्त दाबाचा सीओटू शोषून घेतं आणि दाब एकदम गेला की तोच गॅस आतून बाहेर पडताना रबर फाडतो. ती गन तशीच वापरली असती तर पुढच्या कामावर फुटली असती.

माझी सवय अशी की बाटली बॅकपॅकसारख्या पट्ट्यात किंवा रुंद बुडाच्या स्टँडमध्ये असल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचाच नाही. स्टँड विसरला असेल तर परत जाऊन आणायचा. याच कारणासाठी आग विझवायच्या सीओटू यंत्राची बाटली टूलला कधीही जोडू नका. तिच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते, म्हणजे उभी ठेवली तरी ती द्रवच बाहेर टाकते. बाटली घेताना आत नळी आहे का हे विचारा. भरून देणाऱ्याला ते माहीत असतं.

गेज बघून गॅस मोजणं

नायट्रोजन किंवा हवेच्या बाटलीत हे चालतं. 200 वरून 100 वर आला म्हणजे साधारण अर्धा उरला. सीओटूला हा हिशेब लागू होत नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी काटा 57 च्या आसपासच राहतो, बाटली भरलेली असो की अर्धी. काटा खऱ्या अर्थाने पडायला लागतो तेव्हा द्रव संपलेला असतो. 20 अंशांना त्या वेळी मूळ भरणीतला साधारण पाव भाग गॅस उरलेला असतो, बाटली वापरून गार झालेली असेल तर त्याहूनही कमी.

उलटा गोंधळही नेहमीचा. सलग वापराने बाटली गार पडते. 0 अंशांना आतला दाब 35 बारच असतो. काटा खाली आलेला बघून लोक भरलेली बाटली रिकामी म्हणून परत पाठवतात. आणि 31 अंशांच्या वर आत द्रव राहतच नाही, तेव्हा काट्यावरून शिल्लक गॅसचा अंदाज बांधणं व्यर्थ.

उपाय साधा आहे, वजनकाटा. रिकाम्या बाटलीचं वजन तिच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. त्यात व्हॉल्व्ह धरलेला आहे का ते बघून घ्यायचं आणि रेग्युलेटर काढून तोलायचं. 1 किलो सीओटूचा मोकळ्या हवेत साधारण 540 लिटर गॅस होतो, हा आकडा मी झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो.

टेफलॉन टेपचं वेड

जोड गळतो म्हटलं की टेप गुंडाळायची, हा नवशिक्यांचा ठरलेला उपाय. सीओटूच्या बाटलीवर रेग्युलेटर बसतो तिथे नट असतो आणि आत सपाट वॉशर. सील होतं ते वॉशरच्या पृष्ठभागावर. आटे फक्त दाबून धरायचं काम करतात. तिथे दहा वेढे गुंडाळले तरी गळती थांबत नाही, उलट टेपचे धागे सुटून रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतात. मग सीट पूर्ण बंद होत नाही आणि टूल नुसतं पडून असतानाही पाइपमधला दाब चढत राहतो. गळती थांबवायला गुंडाळलेली टेप अशी दुसरीकडे जास्त मोठा धोका तयार करते, आणि हे टेप लावणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

वॉशर बदला. तो छोटा, स्वस्त, खिशात मावणारा तुकडा आहे आणि माझ्या डब्यात नेहमी चार-पाच पडलेले असतात. टेप लावायची ती फक्त कमी दाबाच्या बाजूच्या निमुळत्या आट्यांना, तीही पहिला आटा मोकळा सोडून. गळती कानाने शोधू नका, साबणाचं पाणी लावा. आणि दाब आत असताना नट आवळू नका, आधी बंद करा, मोकळा करा, मग पाना लावा.

रेग्युलेटरची परीक्षा मी अशी घेतो. नॉब पूर्ण सैल ठेवून बाटलीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, आपण गेजच्या समोर नाही तर बाजूला उभं राहायचं. नॉब 6 वर लावायचा आणि दहा मिनिटं काहीही न वापरता काटा बघत बसायचं. तो वर सरकला तर त्या रेग्युलेटरवर काम नाही. ही दहा मिनिटं फुकट गेली असं ज्यांना वाटतं, त्यांच्या हातात मी नेलर देत नाही.

ऑक्सिजन

कधीच नाही. वेल्डिंगचा सिलिंडर शेजारीच आहे, अगदी शेवटचे चार खिळे राहिलेत, तरीही नाही. टूलच्या आत तेल असतं आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला ठिणगीशिवायही पेटवू शकतो. गन हातातच फुटते. एलपीजी, ॲसिटिलीन वगैरे जळणाऱ्या गॅसचंही तेच. दुसऱ्या गॅसची बाटली बसावी म्हणून अडॅप्टर शोधणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, आटे वेगवेगळे मुद्दाम ठेवलेले आहेत.

बंद खोलीतलं काम

याकडे कोणी लक्षच देत नाही. 2 किलोची बाटली एका छोट्या बंद खोलीत रिकामी केली, समजा 3 मीटर बाय 3 मीटर, उंची अडीच मीटर, तर हवेत जवळपास 5 टक्के सीओटू होतो. दिवसभराच्या कामासाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा अर्धा टक्का आहे आणि 4 टक्के ही पातळी जीवाला तातडीचा धोका मानली जाते. शिवाय हा गॅस हवेच्या दीडपट जड, सुटतो तेव्हा गार, म्हणून आधी खालीच साचतो, आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) ठोकणारा माणूस गुडघ्यावर बसलेला असतो. डोकं जड झालं, धाप लागली की लगेच बाहेर या. नायट्रोजन तर तेवढीही सूचना देत नाही, माणूस थेट कोसळतो. खिडकी, दार, शक्य असेल तर पंखा. पोटमाळ्यावर, तळघरात किंवा टाकीच्या आत मी बाटली नेतच नाही, ती बाहेर ठेवून लांब पाइप आत घेतो. तरी एक्झॉस्ट आतच सुटतो, त्यामुळे हवा खेळती हवीच.

बाकीच्या चुका

सँडर आणि ग्राइंडर बाटलीवर चालवू नका. सँडर मिनिटाला 300 लिटरच्या आसपास हवा खातो, म्हणजे 2 किलोची बाटली चार मिनिटंही पुरत नाही, आणि त्याआधी रेग्युलेटर गोठतो. बाटली थांबून थांबून करायच्या कामासाठी आहे.

रेग्युलेटरवर बर्फ धरला तर थांबा. टॉर्च, हीट गन, उकळतं पाणी यांपैकी काहीही लावायचं नाही. मी दोन छोट्या बाटल्या आलटून पालटून वापरतो.

इम्पॅक्ट गन जोर करत नाही म्हणून दाब वाढवत जाऊ नका. दोष बहुतेक वेळा बारीक गुंडाळी पाइपचा असतो. ट्रिगर सोडला की तोच वाढवलेला दाब पूर्णच्या पूर्ण टूलवर येतो. जाड पाइप घ्या.

टूलवर निपल (कपलरमध्ये घुसणारं टोक) बसवा, कपलर पाइपच्या बाजूला. उलटं बसवलं तर पाइप काढल्यावरही टूलमध्ये दाब कोंडून राहतो आणि अडकलेला खिळा काढताना दुसरा सुटतो.

बाटली उन्हात बंद गाडीत ठेवू नका. जास्त भरलेली असेल तर सेफ्टी डिस्क फुटेल आणि सगळा गॅस गाडीतच सुटेल. भरून आणली की तिथेच तोलून घ्या, ठोकलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरलं असेल तर घेऊ नका. प्रेशर टेस्टची तारीख उलटलेली बाटलीही नको.

शेवटचं तेलाबद्दल. बाटलीतला गॅस अगदी कोरडा असतो, कम्प्रेसरच्या हवेतला ओलावा त्यात नसतो, आणि तो आतलं वंगण लवकर सुकवतो. काम सुरू करण्यापूर्वी आणि दुपारी पुन्हा, निपलमध्ये न्युमॅटिक तेलाचे दोन-तीन थेंब. मशीन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे नको, त्याने सीलं फुगतात. बिनतेलाची म्हणून विकलेली गन असेल तर मात्र तिला तेल घालू नका.