रानात सापडलेलं रोमन नाणं चिंचेनं घासू नका! जुन्या धातूच्या वस्तू हाती आल्यावर होणाऱ्या चुका

इंग्लंड आणि वेल्समधल्या नांगरलेल्या रानांत रोमन काळातली तांब्याची नाणी, सेफ्टी पिनेच्या धर्तीचे ब्रोच, मध्ययुगातली बक्कलं, चांदीच्या पेनी, शिशाच्या मोहरा अजूनही निघतात. नांगराचा फाळ त्या दरवर्षी थोड्या वर आणतो आणि थोड्या मोडतोही. तिकडे राहणारं कुणी शनिवार-रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन निघत असेल, किंवा फिरायला गेल्यावर बांधाजवळ हिरवट चकती दिसली म्हणून उचलत असेल, तर खालच्या चुका माहीत असलेल्या बऱ्या. सगळ्यात महागात पडणारी पहिली.

चूक पहिली: घरी आल्या आल्या साफसफाई

तांब्या-पितळेचं भांडं कळकलं की चिंच, लिंबू नाहीतर भांड्यांची पावडर, हा आपला हातचा उपाय. घरच्या तांब्याला तो चालतो, कारण तिथे कळक वरच असतो आणि खाली मूळ धातू शाबूत असतो. मातीत पंधराशे-अठराशे वर्षं पडलेल्या नाण्याचं गणित उलटं असतं. त्याचा वरचा धातू केव्हाच हिरव्या-तपकिरी थरात बदललेला असतो. सम्राटाचं नाक, दाढीचे केस, कडेची अक्षरं ही सगळी त्या थरातच टिकलेली असतात. चिंचेचं किंवा व्हिनेगरचं आम्ल तो थर विरघळवतं आणि खालून निघतो खड्डे पडलेला, गुलाबी, कोरा तुकडा. मळ गेला असं वाटतं, पण गेलेलं असतं ते नाणं.

ब्रोच आणि बक्कलांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. रोमन ब्रोचवर पुष्कळदा कथिलाचा पातळ मुलामा असतो, थेट आपल्या कल्हईसारखा. मध्ययुगीन बक्कलांवर आणि घोड्याच्या साजाच्या लोंबत्या पदकांवर सोन्याचा मुलामा किंवा रंगीत मीनाकाम असतं. हे थर केसाएवढे पातळ असतात. तारेचा ब्रश एकदा फिरला की संपले. चौथ्या शतकाच्या आसपासच्या काही रोमन नाण्यांवर चांदीचा नुसता हात फिरवलेला असतो. तो मातीबरोबर पुसला जातो आणि पुसणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मग करायचं काय? वस्तू सावलीत, टिपकागदावर आपोआप सुकू द्या. हीटरवर, उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली नको. माती सुकली की बरीचशी आपोआप सुटते. उरलेली मऊ ब्रशनं किंवा बांबूच्या दातकोरणीनं, भिंगाखाली, धातूला न टोचता सोडवायची. हिरव्या थराला हात लावायचा नाही. चांदीची पेनी फार चिकटली असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात हलकेच बुडवून काढा, बोटांत धरून चोळू नका. जमिनीतली चांदी ठिसूळ होते, कडेला जुनी चीर असली तर नाण्याचे दोन तुकडे होतात. सोन्याला पाण्याची भीती नाही, पण ते मऊ असतं, त्यामुळे मातीचा खडा घासला तरी ओरखडा उठतो. लोखंड अजिबात धुवायचं नाही. गंजाच्या गोळ्यात चाकू आहे की कुलूप हे एक्स-रेमध्ये कळतं, हातोडीनं नव्हे.

इलेक्ट्रोलिसिसचे घरगुती प्रयोग, म्हणजे मिठाच्या पाण्यात बॅटरी जोडून नाणं टांगणं, यांना तर थारा देऊ नका. मिठातला क्लोराइड हाच तांब्याच्या मिश्रधातूंचा वैरी. त्याबद्दल पुढे.

आणि तेल, व्हॅसलीन, मेण लावून चमकवायची घाई करू नका. त्यामुळे ओल आत कोंडते. ब्रोचच्या पिनेजवळ कधीकधी कापडाचे धागे, पट्ट्याच्या टोकाच्या पत्र्यांत चामड्याचा तुकडा धातूच्या क्षारांमुळे टिकून राहिलेला असतो. तो दिसला तर वस्तू सुकवायचीही नाही. मातीसकट, ओलसरच, बंद डब्यात थंड जागी ठेवून तज्ज्ञाला गाठायचं.

चूक दुसरी: वाकलेलं सरळ करणं

चांदीची पेनी मधोमध वाकलेली मिळाली की अंगठ्यांनी दाबून सपाट करायचा मोह होतो. नाणं तर मोडतंच, शिवाय त्यातली मुख्य गोष्टही पुसली जाते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आजारी माणसासाठी एखाद्या संताला नवस बोलताना पेनी मुद्दाम वाकवत. म्हणजे ते वाकणं ही नवसाची खूण आहे.

शिशाच्या छोट्या कुप्यांचंही तसंच. यात्रेकरू त्यांतून पवित्र पाणी आणत. शेतात मिळणाऱ्या अनेक कुप्यांची तोंडं मुद्दाम उघडलेली, चेपलेली असतात आणि अभ्यासक त्याचा संबंध पिकावर पाणी शिंपडण्याशी जोडतात. मुरड, कापलेली कड, भोक, दातांच्या खुणा, सगळं आहे तसं राहू द्या. कापलेल्या पेनी तर सुट्ट्या पैशांसाठीच कापत. अर्धी म्हणजे हाफपेनी, पाव म्हणजे फार्दिंग. गोल हाफपेनी आणि फार्दिंग १२७९ नंतरच्या नाणेसुधारणेत नियमित झाल्या. १२४७ पासून क्रुसाचे हात नाण्याच्या कडेपर्यंत लांबवले ते कडा कातरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. त्यामुळे अर्ध्या नाण्यावरचा क्रूस कडेला टेकतो का, एवढं पाहूनही काळ बराच आवळता येतो.

चूक तिसरी: ‘त्या कोपऱ्यातल्या रानात’ एवढीच नोंद

जागा हरवली की वस्तूची अर्धी माहिती गेली. ब्रिटनच्या नकाशावर दोन अक्षरं आणि पुढे आकडे असा ग्रिड क्रमांक असतो. सहा आकडी क्रमांक १०० मीटरचा चौकोन दाखवतो, आठ आकडी १० मीटरचा आणि दहा आकडी १ मीटरचा. निदान आठ आकडी हवाच. फोनच्या जीपीएसमधले अक्षांश-रेखांश जुन्या ग्रिडच्या नकाशावर रूपांतर न करता थेट मांडले तर जागा साधारण १०० मीटरनं सरकते. वस्तूची जागा नकाशावर पलीकडच्या रानात जाते आणि पुढचा संशोधक चुकीच्या बांधावर खणतो. म्हणून ग्रिड क्रमांक देणारंच ॲप वापरा आणि आकडे जागेवरच पिशवीवर लिहा.

प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी. कागदाची चिठ्ठी आत टाकली तर ती ओलीनं सडते आणि शाई पसरते, म्हणून पक्क्या पेननं पिशवीवरच क्रमांक टाका. ‘आज सापडलेली सगळी नाणी’ एकाच खिशात घातली तर ती घासली जातात. शिवाय पाच नाणी पाच मीटरच्या आत होती की साऱ्या रानभर विखुरलेली होती, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

चूक चौथी: खोल जात राहणं

नांगरानं उलथली जाणारी माती साधारण २० ते ३० सेंटीमीटर खोल. तेवढ्यात मिळणारं सामान आधीच हललेलं असतं. त्याखाली सिग्नल येत असेल, मातीचा रंग बदलला असेल, खापराची कड दिसली असेल, तर थांबा. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एकाला काही नाणी आणि मग माठाची कड लागली. त्यानं खणणं थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. माठात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन १६० किलोच्या घरात. थरथर करून ती काढल्यामुळे कळलं की सर्वात उशिराच्या, ब्रिटनमधला रोमन शासक कॅरोशियस याच्या नाण्यांपैकी बरीचशी माठाच्या वरच्या भागात नसून निम्म्याहून खाली होती. अर्थ असा की वर्षानुवर्षं वरून टाकत गेलेली ही शिल्लक नव्हती. माठ पालथा केला असता तर हे कधीच समजलं नसतं.

आणि एक. सिग्नल येणारी जड, लांबट वस्तू दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळाही असू शकते. हात न लावता पोलिसांना कळवा.

चूक पाचवी: दिसलं की ‘रोमन’

न्यूरेंबर्गमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात बनलेल्या पितळी हिशेबाच्या चकत्या इंग्लंडच्या रानांत खूप मिळतात. पातळ, सोनेरी, एका बाजूला क्रूस असलेला गोळा, दुसरीकडे गुलाबाभोवती मुकुट. लोक ती सोन्याची नाणी समजतात. त्या मोजणीच्या टेबलावर हिशेब मांडायला वापरत आणि त्यांवर राजाचं नाव नसतं. मस्केट बंदुकीच्या शिशाच्या गोळ्यांना रोमन गोफणीच्या गोळ्या म्हणणं आणि मागे कडी असलेल्या जुन्या बटणाला ब्रोच म्हणणं, हे तर नित्याचंच.

उलटही होतं. शिशाची चकती म्हणजे भंगार समजून फेकली जाते. जवळपास ३५ ते ४० मिलिमीटरची, एका बाजूला दोन दाढीवाले चेहरे आणि वर लॅटिन लिपीतली ‘एस पी ए, एस पी ई’ ही अक्षरं असतील, तर ती पोपच्या पत्राला लटकवलेली शिशाची मोहर असते. पॉल आणि पीटर हे दोन संत. मागच्या बाजूला पोपचं नाव कोरलेलं असतं, त्यामुळे काळ थेट ठरतो.

ओळखीसाठी तीन आकडे टिपा: वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास किंवा लांबी मिलिमीटरमध्ये, जाडी. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या काळातली पेनी भरल्या वजनाची साधारण १.४ ग्रॅम भरते. १ ग्रॅमची मिळाली तर ती कातरलेली, झिजलेली किंवा खोटी. फोटो समोरून, मागून आणि कडेवरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, तिरप्या उजेडात घ्या. फ्लॅशनं उठाव सपाट दिसतो. ब्रोच असेल तर पिनेची गुंडाळी, कमान आणि पिन अडकवायचा पत्रा हे तीन भाग वेगवेगळे टिपा, कारण प्रकार त्यांवरूनच ठरतो.

चूक सहावी: परवानगी आणि चौदा दिवस

शेतमालकाची लेखी परवानगी नसेल तर रानात पाऊल टाकू नका. जमीन दुसरा कुणी कसत असेल तर त्यालाही विचारा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत १९७९ च्या कायद्यानुसार डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे, तिथे मालकाची परवानगीही कामाची नाही. लंडनमध्ये टेम्सच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या काठावर नुसतं वरवर शोधायलाही परवाना लागतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम निराळे आहेत. स्कॉटलंडमध्ये सगळं कळवायचं असतं, उत्तर आयर्लंडमध्ये शोधासाठी खणायलाच परवाना हवा.

१९९६ च्या ट्रेझर ॲक्टचा, म्हणजे इंग्लंड-वेल्समधल्या गुप्तधनाच्या कायद्याचा, घोळ लोकांना नाण्यांवरून होतो. नाणं नसलेली, ३०० वर्षांहून जुनी, १० टक्के किंवा जास्त सोनं-चांदी असलेली एकटी वस्तूही ‘ट्रेझर’ ठरते. नाण्यांचं तसं नाही. चांगल्या सोन्या-चांदीची असतील तर एकाच ठिकाणची दोन पुरतात, चांदी १० टक्क्यांखाली असेल तर दहा लागतात. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातली बरीच रोमन नाणी दिसायला चांदीची असली तरी त्यांत चांदी नावापुरतीच असते, तेव्हा ती मोजताना हे लक्षात ठेवा. कळवायची मुदत १४ दिवस आणि कळवायचं कोरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला. प्रत्यक्षात तुमच्या भागातल्या फाइंड्स लायझन ऑफिसरकडे (सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्याकडे) गेलं की काम होतं. न कळवण्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड.

हे नियम का बदलले त्याचं उदाहरण म्हणजे कंब्रियातलं क्रॉस्बी गॅरेट इथलं रोमन शिरस्त्राण. २०१० मध्ये तुकड्यांत सापडलं, ब्राँझचं एकटं असल्यामुळे ट्रेझरमध्ये बसलं नाही, अभ्यास होण्याआधीच जोडून पूर्ण केलं गेलं आणि लिलावात सुमारे २३ लाख पौंडांना खासगी संग्रहात गेलं. जुलै २०२३ पासून, २०० वर्षांहून जुनी आणि इतिहासाच्या दृष्टीनं विशेष महत्त्वाची धातूची वस्तूही ट्रेझर ठरू शकते.

ट्रेझर नसलेल्या वस्तूही १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये, म्हणजे अशा वस्तूंच्या नोंदणी योजनेत, नोंदवा. त्या तुमच्याकडेच परत येतात.

चूक सातवी: खोक्यात टाकून विसरणं

ओकच्या लाकडाचा ड्रॉवर, पुठ्ठ्याचं खोकं, कापूस, वर्तमानपत्र, हे शिशाला मारक आहेत. त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसं पांढरं पडून पूड होत जातं. पॉलिथिनची पिशवी, आम्लरहित टिशू आणि झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा वापरा. तांब्याच्या मिश्रधातूंसाठी डब्यात सिलिका जेलचे दाणे टाका आणि हवेतली ओल ३५ टक्क्यांच्या खाली ठेवा. आतल्या पिशवीला छोटी छिद्रं करा, नाहीतर कोरडी हवा वस्तूपर्यंत पोचत नाही. डब्यात ओल दाखवणारी पट्टी ठेवली की झाकण उघडावं लागत नाही.

नाण्यावर एक दिवस फिकट हिरवी, टोचली की पडणारी पूड दिसते. तो ‘ब्राँझ रोग’. आतला क्लोराइड ओल आणि हवा मिळाली की पुन्हा पुन्हा क्रिया घडवतो आणि नाणं आतून पोखरतो. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर म्हणजे रोग नव्हे, तो तसाच राहू द्या. पूड दिसली की ते नाणं इतरांपासून वेगळं करून कोरड्या डब्यात ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. धुऊन ती थांबत नाही.

देशाबाहेर न्यायची तर ब्रिटनच्या मातीत निघालेल्या पुरातन वस्तूला निर्यात परवाना लागू शकतो. सुट्टीत मुंबईला जाताना बॅगेत ‘छोटीशी आठवण’ म्हणून टाकण्याआधी तो लागतो का, ते पाहा.

आणि महाराष्ट्रात नांगरताना असं काही निघालं तर हे वरचे नियम विसरा. इथे १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागतो. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तेरसारख्या ठिकाणी रोमशी व्यापाराच्या खुणा मिळाल्या आहेत आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेला पोसायडनचा ब्राँझचा छोटा पुतळा तिथल्याच टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तेव्हा ‘आपल्याकडे कुठलं रोमन’ म्हणून वस्तू सोनाराच्या तराजूत टाकण्याआधी तिचा फोटो आणि जागा टिपून ठेवा.